‘प्रभाव’ हा शब्द आधी खोडा : कुमार गंधर्व, रे चार्ल्स आणि माझी अम्मम्मा

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: ‘अमुक संगीताचा तमुक संगीतावरील प्रभाव’ असा विषय पीएचडीला चालेल का? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक अगदी असंच होतं. गाईडने लाल पेनाने ‘प्रभाव’ला गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘मोजणार कसा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना दोन गायक हाताशी आले, आणि शेवटी माझी स्वतःचीच एक चूक. आज तिन्ही सांगते.

पहिला गायक रे चार्ल्स. हा सोल संगीताचा मोठा माणूस. 1962 साली त्याने ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ नावाची रेकॉर्ड काढली, बारा गाण्यांची. अमेरिकेत तेव्हा कंट्री म्हणजे गोऱ्यांचं आणि आर अँड बी म्हणजे काळ्यांचं, अशी बाजाराने आखलेली वाटणी होती. रेडिओ वेगळे, विक्रीच्या याद्याही वेगळ्या. डॉन गिब्सनचं ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ रे चार्ल्सने गायलं आणि ते पॉप आणि आर अँड बी या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता ‘सोलचा कंट्रीवर प्रभाव’ असं लिहिलं तर हातात काय येतं? काहीच नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारा. काय ठेवलं? शब्द आणि मूळ चाल. काय काढलं? फिडल, स्टील गिटार हा कंट्रीचा ओळखीचा साज. त्या जागी काय आलं? काही गाण्यांत व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस, तर काहींत बिग बँड. आणि चार्ल्सचा आवाज, जो ओळ मागे खेचतो, शब्द मध्येच मोडतो, चर्चमधल्या गाण्यासारखा हाक घालतो. हे सगळं ऐकून तपासता येतं. दुसरा माणूस बसला तरी त्याला तेच सापडेल. संशोधनात एवढं असलं तरी पुष्कळ आहे.

आणखी एक. चार्ल्स कंट्रीत ‘बाहेरून’ आला हे आपण फार पटकन लिहून टाकतो. फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिलमध्ये लहानपणी तो रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐकायचा, आणि उमेदवारीच्या दिवसांत टँपात गोऱ्या कंट्री वादकांच्या बँडमध्येही वाजवायचा. म्हणजे बाहेरचा होता तो बाजाराच्या यादीत, कानाने नव्हे.

दुसरे आपले कुमार गंधर्व. जन्म 1924, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी, घरची भाषा कन्नड, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे. क्षयाने गाणं थांबलं आणि ते देवासला राहायला गेले. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर आली ती माळव्याची लोकगीतं. पुढे त्यांनी त्या धुना गोळा केल्या, रंगमंचावर मांडल्या, आणि त्यांतून नवे राग बांधले: मालवती, सहेली तोडी, लगनगंधार. 1965 साली ‘अनूपरागविलास’ आलं. या रागांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटलं.

या कामाबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे: ‘कुमारांनी लोकसंगीताला शास्त्रीय दर्जा दिला.’ मला ते पटत नाही. या वाक्यात लोकगीत खालच्या पायरीवर उभं आहे आणि कुणीतरी हात देऊन त्याला वर ओढतंय. ‘धुनउगम’ हा शब्द मात्र उलट दिशेने चालतो. उगम धुनेत आहे आणि राग तिथून वाहत खाली येतो. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठावर वाढलेल्यांना उगम म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

तसंच दुसरं लाडकं वाक्य: ‘एक फुप्फुस निकामी झालं म्हणून त्यांची गायकी छोट्या छोट्या तुकड्यांची झाली.’ ऐकायला छान, पण कार्यकारण इतकं सरळ आलं की सावध व्हा. आजारपणाआधीच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्या आणि नंतरच्या शेजारी ठेवून ऐका, मग लिहा.

कुमारांचं दुसरं धाडस चार्ल्सच्या अधिक जवळचं आहे. ख्यालगायकाने नाट्यपदांकडे जाणं: ‘मला उमजलेले बालगंधर्व’. हे नाव नीट बघा. ‘बालगंधर्वांची पदे’ असं नाही, ‘बालगंधर्व-शैली’ असंही नाही. ‘मला उमजलेले’! यात दोन कबुल्या आहेत: गाणं त्यांचं आहे, आणि समज माझी आहे, चुकली तर माझी. म्हणून कुमार तिथे बालगंधर्वांच्या आवाजाची नक्कल करत नाहीत. चार्ल्सच्या रेकॉर्डचं नावही असंच प्रामाणिक आहे. ‘कंट्री’ हा शब्द तो लपवत नाही, अभिमानाने कव्हरवर छापतो.

पण नावापाशी थांबलो तर समीक्षा अर्धवट राहील. चार्ल्सच्या रेकॉर्डवर गाण्यांखाली गीतकारांची नावं आहेत. नाट्यपदांत आपण ‘बालगंधर्वांचं पद’ म्हणतो, पण ‘मानापमान’ (1911) आणि ‘स्वयंवर’ (1916) या दोन्ही नाटकांचे शब्द खाडिलकरांचे. चाली अनुक्रमे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या. शोधलं तर सापडतात. माळव्यात मात्र रागाच्या नावात प्रदेश आला, धून आली. ती धून जात्यावर, लग्नात गाणारी बाई आली नाही. हा एकट्या कुमारांचा दोष नव्हे. लोकगीताला कर्ता नसतो असं आपण सगळेच मानून चालतो. पण कर्ता नसला तरी गाणारी असतेच ना?

आता माझी चूक. आमच्या सिरोंच्यात घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि आसपासच्या गावांत गोंडी-माडिया. बतुकम्माला बाया फुलांभोवती गोल फिरत टाळ्यांवर गातात. माझ्या अम्मम्माची गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि एका सेमिनारमध्ये पेपर वाचला. घरी येऊन तिला छापील पान दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिने विचारलं, “यात माझं नाव कुठे आहे?”

नाव नव्हतं. ‘माहितीदार क्र. 4, स्त्री, वय अंदाजे 70’ असं होतं. मी नेटवरून उचललेल्या संमतीपत्रात ‘नाव गोपनीय ठेवले जाईल’ हे वाक्य होतं, तेच तिच्यासमोर वाचलं आणि अंगठा घेतला. गोपनीयता तिने मागितलेलीच नव्हती. ती म्हणाली, “गाणं आईने शिकवलं. तिचं पण नाव लिही.”

आजार, जमिनीचे वाद, पोलीस असल्या विषयांत नाव लपवणं माणसाला वाचवतं. गाण्यात तेच नाव लपवणं म्हणजे श्रेय काढून घेणं. संमतीपत्रात दोन्ही पर्याय द्या आणि समोरच्याच्या भाषेत विचारा. मी आता तसंच करते.

तर सिनॉप्सिस लिहिताना ‘प्रभाव’ खोडा आणि चार प्रश्न लिहा: काय ठेवलं, काय बदललं, कोणत्या पुराव्यावरून म्हणता, आणि नाव कुणाचं आलं. पहिल्या तिघांवर गाईड तुम्हाला धरेलच. चौथा तुमचा तुम्हालाच विचारावा लागेल; नाहीतर कुणाची तरी अम्मम्मा विचारेल.

माझ्या नव्या सिनॉप्सिसचं शीर्षक ‘सिरोंचा परिसरातील बतुकम्मा गीते : गायिका, पाठांतर आणि बदल’ असं आहे. गायिका आधी.