दारातली सर्पगंधा

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिली चौकशी ठरलेली: राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले? सात स्वयंचलित दरवाजे. पाणी चढलं की आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात. 'नेचर'मध्ये 2023 साली आलेली व्हीमॅट-2 या प्रथिनाची चित्रं बघताना मला सारखे तेच आठवत होते.

व्हीमॅट-2 म्हणजे चेतापेशीतला हमाल. सेरोटोनिन, डोपामिन असे निरोप वाहणारे रेणू उचलायचे आणि बारक्या पुटिकांत भरायचे. दर रेणूमागे पुटिकेतले दोन प्रोटॉन बाहेर सोडायचे. बारा मळसूत्री दांड्या, मधे खोबण. ही खोबण कधी पेशीद्रवाकडे उघडते, कधी पुटिकेकडे. दोन्हीकडे एकदम कधीच नाही.

चित्रांतली खरी गंमत औषधांत आहे. तीन औषधं एकाच दाराला तीन वेगळ्या क्षणी धरतात. केटान्सेरिन दार पुटिकेकडे उघडं असताना. टेट्राबेनाझिन दोन्ही बाजू बंद असताना, आत कोंडलेलं. आणि रेसर्पिन पेशीद्रवाकडच्या उघड्या दारातच बसकण मारतं. ऐसपैस रेणू तो. एकदा बसला की दार मिटायचं नाव नाही. माल बाहेरच पडून राहतो, पुटिका रित्या.

मी या तिसऱ्या चित्रावरच रेंगाळलो, कारण रेसर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध लिहिला, आणि वैद्यांच्या बटव्यातलं औषध जगभर गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनं घेरल्याच्या नोंदी आल्या. 1955 साली अमेरिकेत दिसलं की रेसर्पिननं सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. साठा आटला की मन खचतं, हा तर्क तिथून बळावला. तो फारच सरळसोट होता, असं माझं मत. रेसर्पिननं उदासी येते का, यावरच पुढे वाद झाले.

पण त्या तर्कानं औषधं शोधणाऱ्यांना दुसऱ्या दाराकडे वळवलं: पेशीबाहेर सांडलेलं सेरोटोनिन परत आत ओढणारं सर्ट हे प्रथिन. 2016 साली एरिक गुओ यांच्या गटानं त्याचं चित्र काढलं. पॅरोक्सेटिन आणि एस-सिटॅलोप्रॅम ही उदासीवरची औषधं, दोघंही बाहेरच्या बाजूनं शिरून, दार सताड उघडं असतानाच मधे अडकलेले. जवळून पाहावं तर औषधातल्या नायट्रोजनचा धनभार प्रथिनातल्या 98 क्रमांकाच्या अस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या ऋणभाराला बिलगलेला. सेरोटोनिनला हवी असलेली जागा ती हीच.

दोन्ही दारं उघडीच अडतात. पण एका ठिकाणी साठा आटतो, दुसरीकडे सेरोटोनिन पेशीबाहेर रेंगाळतं. सर्ट अडवणारी औषधं देताना डॉक्टर मात्र रुग्णाला सांगतात, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, धीर धरा. दार पहिल्याच दिवशी अडलेलं असतं. मधल्या दिवसांचं चित्र या दोन्ही दारांवरच्या निबंधांत नाही.