शार्मण्य देश : पाहिलेला आणि ऐकलेला

मागील पिढ्यांतील आपल्या संस्कृतज्ञांनीं जर्मनीला 'शार्मण्य देश' असें एक भारदस्त नांव दिलें होतें. त्या नांवांत विनोदापेक्षां आदर अधिक होता. ज्या देशांत वेदांच्या संहिता छापल्या जातात, पाणिनीवर वाद होतात आणि शाकुंतल वाचून गटेसारखा महाकवि मोहित होतो, त्या देशाला म्लेंच्छांचा देश कसें म्हणावें, अशी त्यांची भावना असावी. पुढें दोन महायुद्धें झालीं, आणि त्या देशाचें नांव घेतांच पंडिताच्या जागीं शिरस्त्राण घातलेला शिपाई डोळ्यांपुढें उभा राहूं लागला. आतां शिपाईहि मागें पडला असून त्याची जागा बर्फानें घेतली आहे. पंडित, शिपाई आणि बर्फ या तीन चित्रांपलीकडे जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांविषयीं मराठी वाचकाला काय ठाऊक आहे, हा प्रश्न आपल्या प्रवासवाङ्मयाला एकदां विचारावयास हवा.

प्रवासवर्णनांची मराठींत आतां वाण राहिलेली नाहीं. जळगांवसारख्या शहरांतूनहि दर उन्हाळ्यांत कांहीं कुटुंबें आल्प्स पर्वत पाहून येतात आणि त्यांतील एखाद्या हौशी गृहस्थाचें पुस्तकहि होतें. अशीं पुस्तकें मीं आवडीनें वाचलीं आहेत. तीं प्रामाणिक असतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु त्यांतील जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड हे तीनहि देश मुके आहेत. ऱ्हाइन नदीवरचे किल्ले येतात, व्हिएन्नाचे राजवाडे येतात, यूंगफ्राऊयोखचें स्टेशन ३४५४ मीटर उंचीवर आहे हें येतें, आणि ही माहिती चुकीची नसते. पण तेथील एकहि माणूस बोलत नाहीं. लंडनचें वर्णन करतांना हाच लेखक बसमधील दोन म्हाताऱ्यांचें भांडण ऐकून घेतो, घरमालकिणीचा तिरकस शेरा नमूद करतो, आणि त्या दोन ओळींत लंडन जिवंत होतें. खाडी ओलांडून तो पलीकडे गेला कीं त्याचे कान बंद होतात व केवळ डोळे उरतात. कारण उघड आहे. इंग्रजी ही आपली युरोपाकडे पाहण्याची एकुलती एक खिडकी. तिच्यांतून जें दिसतें तेवढाच आपला युरोप.

असें नेहमींच होतें असें नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ सालीं व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस गेले. त्याच्या आदल्या वर्षीं गटिंगेन विश्वविद्यालयानें त्यांना सन्मान्य पदवी दिली होती. व्हिएन्नास त्या वेळीं ब्यूलर होते. मुंबई इलाख्यांत सतरा वर्षें काढलेला, पोथ्यांच्या शोधांत गांवोगांव फिरलेला असा हा मनुष्य. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८६६ पासून १८८१ पर्यंत शिकविलेले कीलहॉर्न गटिंगेनला जाऊन राहिले होते. म्हणजे भांडारकर परक्या देशांत गेले खरे, पण ओळखीच्या माणसांत गेले. त्यांनीं या प्रवासाचा वृत्तांत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढें ठेवला तो इंग्रजींत, आणि तो मुख्यतः विद्वानांविषयीं आहे. त्यांच्या मागून गेलेले डॉ. पांडुरंग दामोदर गुणे लाइप्झिगला शिकले, डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखालीं शिकले. त्यांनीं तेथून जें आणलें त्याची किंमत रुपयांत होणार नाहीं. एकेका श्लोकासाठीं काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्या समोरासमोर मांडावयाच्या, आणि लाडक्या पाठालाहि पुरावा नसेल तर तळटीपेंत धाडावयाचें, ही शिस्त त्यांनीं आणली. १९१९ सालीं पुण्यास आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली ती या शिस्तीवर. शार्मण्य देशाचा पंडित आपल्याला मिळाला तो असा. शेतकरी, विणकर, शिंपीण मात्र मिळाली नाहीं.

दोन स्त्रियांचा उल्लेख येथें केला पाहिजे. इरावतीबाई कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिनमध्यें मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं राहिल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेंत वंशांचा उच्चनीचपणा दिसत होता. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या, आणि वंशावरून तसा भेद ठरत नाहीं हें आपल्या प्रबंधांत लिहिलें. ज्यांच्या हातीं पदवी होती त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध विशीतील एका परदेशी मुलीनें हें लिहावें, आणि तेंहि त्या शहरांत व त्या वर्षांत, याचें मोल पुढील बारा-पंधरा वर्षांच्या इतिहासानें ठरविलें. त्यांचे ललित लेख 'परिपूर्ति'पासून (१९४९) पुढें मराठींत आले; त्यांतील धीट, मोजून-मापून पाहणारी दृष्टि बर्लिनच्या त्या प्रयोगशाळेंत तयार झाली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसऱ्या शीलवतीबाई केतकर. ज्ञानकोशकारांशीं १९२० सालीं विवाह करून आलेल्या या मूळच्या एडिथ कोन. विंटरनिट्झ यांचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनीं जर्मनमधून इंग्रजींत आणला. त्याचा पहिला खंड १९२७ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयानें काढला. पण मला त्यांचें मराठी आत्मकथन अधिक महत्त्वाचें वाटतें. जर्मन घरांत वाढलेली स्त्री पुण्याच्या संसाराचें, ज्ञानकोशाच्या ओढाताणीचें आणि स्वतःच्या एकाकीपणाचें वर्णन आपल्या भाषेंत करते, त्यांत तिचें माहेर आपल्याला आडवळणानें ऐकूं येतें.

आमच्या खानदेशापुरतें बोलावयाचें तर अमळनेरचें तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालीं प्रतापशेठजींच्या औदार्यानें निघालें, आणि तेथें वेदान्ताबरोबर कांटचीहि चर्चा चाले. तेथेंच कांहीं काळ असलेल्या रासविहारी दासांचें कांटच्या मुख्य ग्रंथावरील मार्गदर्शक पुस्तक पुष्कळांना माहीत असेल. म्हणजे या जिल्ह्याला कोनिग्झबर्गचा तत्त्वज्ञ आधीं माहीत झाला आणि जळगांवच्या शेजारचें असोदा पुष्कळ मागाहून.

असोद्याचें नांव येथें ओढून-ताणून आणलेलें नाहीं. जर्मन भाषेच्या देशांतील सर्वांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट माझ्या मतें तेथील बोलींची प्रतिष्ठा ही आहे, आणि आपल्या प्रवाशांनीं नेमकी तीच टिपलेली नाहीं. झुरिकमधील प्राध्यापक, पेढीवरचा अधिकारी आणि दूधवाला हे तिघेहि घरीं व रस्त्यांत एकच बोली बोलतात. ग्रांथिक जर्मन त्यांना शाळेंत शिकावी लागते आणि वर्तमानपत्र तिच्यांत छापलें जातें. हॅनोव्हरच्या माणसालाहि तें बोलणें चटकन कळत नाहीं. तरी बोली बोलणारा अडाणी, असा समज तेथें नाहीं. आमच्याकडे वर्गांत अहिराणी किंवा लेवा बोलीचा शब्द तोंडून गेला तर मुलें हसतात, आणि खेदाची गोष्ट ही कीं कधीं कधीं गुरुजीहि हसतात.

ही प्रतिष्ठा कांहीं आकाशांतून पडली नाहीं. योहान पेटर हेबेल हा कवि १७६० सालीं बाझेल येथें जन्मला. बाप विणकर, तो पोर वर्षाचें असतांनाच वारला. आई हाउसेन नांवाच्या खेड्याची. उन्हाळा बाझेलला मालकाच्या घरीं आणि हिवाळा त्या खेड्यांत, असें त्याचें बालपण गेलें. तेरा वर्षांचा असतांना आईहि गेली. पुढें तो कार्ल्सरूह येथें लॅटिन-ग्रीक शिकविणारा मास्तर झाला, आणि तेथें घरच्या आठवणीनें व्याकूळ होऊन त्यानें आईच्या बोलींत कविता लिहिल्या. १८०३ सालीं त्या छापल्या गेल्या. खुद्द गटेनें त्यांचें गौरवपूर्ण परीक्षण लिहिलें. त्यांतील एका कवितेंत हाउसेनवरून वाहणारी व्हीझे नदी ही डोंगरांत जन्मलेली, हळूहळू थोराड होणारी शेतकऱ्याची मुलगी आहे, आणि शेवटीं ती ऱ्हाइनची नवरी होते. ही सगळी कविता होमरच्या छंदांत आहे. गोठ्यांतली भाषा आणि होमरचा छंद! हें धाडस होतें, आणि तें साधलें.

ग्रिम बंधूंचें उदाहरण निराळें. १८१२ व १८१५ सालीं त्यांनीं लोककथांचे दोन भाग काढले. दुसऱ्या भागांतील पुष्कळ कथा त्यांना कासेलजवळच्या खेड्यांतील डोरोटेआ फीमान या शिंप्याच्या बायकोनें सांगितल्या; ती भाजी-अंडीं विकावयास शहरांत येई. तिचें चित्र पुढील आवृत्तींत पुस्तकाच्या आरंभीं छापलें गेलें. देशांतील दोन थोर पंडित एका बाजारकरणीचें ऋण असें जाहीरपणें मान्य करतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. (ती बाई मूळच्या फ्रेंच निर्वासितांच्या वंशांतली होती, हें शुद्ध जर्मन परंपरेच्या अभिमान्यांना पुढें जरा अडचणीचें झालें, तो भाग वेगळा.)

आतां असोदा. कोलोनच्या प्रचंड मंदिराचा शेवटचा दगड १८८० सालीं बसला; त्याच सालीं असोद्याच्या महाजनांच्या घरांत बहिणाबाई जन्मल्या. तेरा वर्षांच्या असतांना जळगांवच्या चौधऱ्यांकडे दिल्या, तिशींत वैधव्य आलें, अक्षरओळख कधीं झाली नाहीं. त्यांच्या ओव्या ऐकून लिहून घेतल्या त्या मुलानें, म्हणजे कवि सोपानदेवांनीं, आणि एका नात्यांतल्या माणसानें. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्र्यांना दाखविलें आणि १९५२ सालीं पुस्तक निघालें. ग्रिमसारखे पंडित असोद्याला कोणी आले नव्हते. अमळनेरहूनहि आले नव्हते.

हेबेल व बहिणाबाई यांची तुलना मात्र बेतानें केली पाहिजे. हेबेलला दोन भाषा येत होत्या व त्यानें एक निवडली. बहिणाबाईंना निवडीचा प्रश्नच नव्हता. हेबेल दूरच्या शहरांत बसून आठवणीनें लिहितो, म्हणून त्याच्या खेड्यावर एक सोनेरी धुकें आहे. बहिणाबाईंच्या ओळींत धुकें नाहीं. जातें, चूल, पेरणी, सुगरणीचें घरटें हें सर्व हातांतल्या कामाइतकें जवळ आहे, आणि त्यांचा छंद कोणा होमरकडून आलेला नसून दळण्याच्या फेऱ्यांतून आला आहे. हेबेलमध्यें शिक्षक मधूनच बोध करूं लागतो. बहिणाबाईहि बोध करतात, पण त्या स्वतःशींच बोलत असल्यानें तो टोचत नाहीं. कवि म्हणून मी बहिणाबाईंना वरचें स्थान देईन. परंतु हेबेलला पहिल्याच दिवशीं गटे भेटला, आणि बहिणाबाईंना अत्रे भेटले ते मरणोत्तर. हा फरक दोन कवींतला नसून दोन समाजांतला आहे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहींतर मीहि शार्मण्य देशाचा भाबडा स्तुतिपाठक ठरेन. ज्या 'लोक' शब्दावर ग्रिम बंधूंनीं प्रेम केलें, त्याच शब्दाचें १९३३ नंतर काय झालें हें जगानें पाहिलें. रक्त आणि माती यांचीं स्तोत्रें गाणाऱ्यांनीं खेड्याची भाषा आपल्या दावणीला बांधली, आणि शेजाऱ्याला परका ठरविण्यासाठीं ती वापरली. हेबेलची बोली या कामाला नालायक होती, कारण ती ऱ्हाइनच्या वळणावर जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स अशा तीन देशांत बोलली जाते. बोलीच्या सीमा राज्यांच्या सीमांना जुमानीत नाहींत. आपली अहिराणी धुळें, नंदुरबार, जळगांव व नाशिक ओलांडून गुजरातच्या अंगाला जाते, तें पाहणाऱ्याला हें निराळें सांगावयास नको.

परदेश कानांनीं कसा पाहावा, याचा उत्तम धडा आपल्याला एका जर्मन माणसानेंच दिला आहे. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर महाराष्ट्रांत आले, मराठी शिकले, आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या त्यांनीं ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालीं निघाला. इंग्रजी भाषांतर १९८९ सालीं झालें. १९९२ सालीं ते वारले. संस्कृत माहात्म्याइतकाच धनगराच्या ओवीला पुरावा मानावयाचा, हा त्यांचा बाणा होता. रान आणि शेत, मेंढपाळ आणि कुणबी यांच्या नात्यांतून देव कसा घडतो, हें त्यांनीं जेजुरीची वाट तुडवून दाखविलें. वन व क्षेत्र ही त्यांची जोडी कोठें कोठें फार नीटस वाटते. प्रत्यक्ष खेड्यांत या दोहोंची सरमिसळ अधिक असते. तथापि हा मनुष्य जेजुरीला आला तो देऊळ किती फूट उंच आहे तें मोजावयास आला नव्हता.

आपल्याकडून असा प्रवास नाटकवाल्यांनीं थोडा केला आहे. 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) लिहितांना पु. ल. देशपांडे यांनीं ब्रेख्तच्या लंडनमधील चोर-भिकाऱ्यांना शिष्ट मराठी बोलावयास लावलें नाहीं, म्हणून ते मराठींत रुळले. विंदा करंदीकरांनीं 'फाउस्ट'चा पहिला भाग १९६५ सालीं मराठींत आणला, ते श्रमहि याच जातीचे.

पुढचें प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला मी एकच वाट सुचवीन. बाझेलपर्यंत आपले लोक जातातच. तेथून ते बर्फाच्या गाडीकडे वळतात. त्याऐवजीं बाडिश स्टेशनावरून व्हीझे नदीच्या खोऱ्यांत जाणारी साधी लोकलगाडी धरावी. तासाच्या आंत हाउसेन येतें. हेबेलच्या बालपणाचें घर तेथें जतन केलेलें आहे, आणि दर वर्षीं १० मे रोजीं, त्याच्या जन्मदिवशीं, गांवकरी त्याचा उत्सव करतात. त्या दिवशीं गांवांतल्या म्हाताऱ्यांना जेवण असतें. जाणाऱ्यानें थोडी जर्मन शिकून जावें, आणि पंगतींत बसलेल्यांचें बोलणें त्या शिकलेल्या जर्मनपेक्षां किती निराळें आहे तें ऐकून यावें.