शोधयंत्राला मजकूर ठाऊक, नोंदवहीला वेळ. मग फाइल सापडत का नाही?

"दिवाळीच्या आसपास एक पीडीएफ वाचली होती. नाव आठवत नाही, पण त्याच संध्याकाळी खर्चाची स्प्रेडशीट उघडी होती." अशा वर्णनावरून तुमचा संगणक ती फाइल काढून देईल का? बहुधा नाही. पण आपली आठवण अशीच चालते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुझन ड्युमे आणि सहकाऱ्यांनी २००३ साली 'स्टफ आय हॅव सीन' नावाची प्रणाली तपासली, तेव्हाही हेच दिसलं होतं: स्वतःच्याच गोष्टी शोधताना वेळ आणि माणसं हे मोठे धागे असतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात या कामासाठी लागणारे दोन्ही भाग तयार झाले. ग्नोमच्या बाजूला ट्रॅकर या नावाने आलेला इंडेक्सर आहे. तो फाइल उघडून आतला मजकूर, शीर्षक, लेखक वाचून ठेवतो. दुसरीकडे झाइटगाइस्ट ही नोंदवही. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल कधी उघडली, कधी बदलली, हे ती टिपते. म्हणजे एकाला 'काय' माहीत, दुसऱ्याला 'केव्हा'. मग दोघांना जोडलं की झालं, नाही का?

इथेच माझा आक्षेप आहे. ही जोडणी बहुतेक वेळा शोधाच्या चौकटीपुरती राहते. तुम्ही शब्द टाकता, दोघांना विचारलं जातं आणि दोन याद्या एकाखाली एक लागतात. केडीईच्या केरनरमध्येही अलीकडच्या फायली एका प्लगिनकडून येतात आणि मजकुरातला शोध दुसऱ्याकडून. याला शेजार म्हणता येईल, संसार नाही.

खरी अडचण खाली आहे: फाइलची ओळख. नोंदवही फाइलला ओळखते ती पत्त्यावरून. तुम्ही टर्मिनलमध्ये एक एमव्ही आज्ञा देऊन फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली, की नोंदवहीतला पत्ता खोटा ठरतो. झाइटगाइस्टमध्ये 'फाइल हलवली' अशी घटना नोंदवायची सोय नंतर आली, विषयाचा सध्याचा पत्ताही वेगळा ठेवता येऊ लागला. पण ही घटना कळवणार कोण? एमव्ही तर कुणालाच काही कळवत नाही.

आता गंमत बघा. इंडेक्सरला हे बऱ्याचदा कळलेलं असतं! तो कर्नेलच्या आयनोटिफायसारख्या सुविधेवर कान लावून बसलेला असतो. पाहणीतल्या एका फोल्डरातून दुसऱ्यात फाइल गेली, तर निघाल्याची आणि पोचल्याची सूचना एकाच खुणेने जोडलेली येते. मात्र हे कोणत्या प्रोग्रॅमने केलं, ते आयनोटिफाय सांगत नाही. ती माहिती प्रोग्रॅम स्वतः नोंदवहीला देतात. म्हणजे प्रत्येकाकडे नेमकं ते आहे जे दुसऱ्याकडे नाही, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग सगळं एकाच कोठारात का नाही टाकत? तेही करून झालंय. २००६ ते २००८ या काळात युरोपीय संघाच्या निधीतून नेपोमुक प्रकल्प चालला आणि त्याची कल्पना केडीई ४ मध्ये उतरली: फायली, माणसं, खुणा, सगळ्यांचं नातं एकाच आरडीएफ साठ्यात. कल्पना सुंदर होती, पण वजन पेलवेना. एप्रिल २०१४ मध्ये केडीईने बालू आणला आणि 'सगळं एका जागी' हा आग्रह सोडला. तो निर्णय मला योग्यच वाटतो. फक्त एक कोठार नको म्हणताना एक ओळख हवी, हेही त्याबरोबर मागे पडलं.

आणि हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. तपासणीचा एखादा खासगी अहवाल तुम्ही वाचून कायमचा पुसून टाकलात असं धरा. इंडेक्सर आपल्या यादीतून तो काढतो. नोंदवहीत मात्र शीर्षक, पत्ता आणि रात्री किती वाजता उघडला ते तसंच राहतं, होम फोल्डरमधल्या साध्या, कुलूप नसलेल्या एसक्यूलाइट फाइलमध्ये. झाइटगाइस्टला काय नोंदवू नये हे आधी सांगता येतं, नोंदी पुसताही येतात, हे कबूल. पण एकदा फाइल पुसल्यावर आणखी एका ठिकाणी जाऊन तिची आठवण पुसायची, हे किती जणांना सुचेल?

म्हणून जोडणीची मोजपट्टी बदलायला हवी, असं मला वाटतं. शोधाची चौकट एक आहे का, हे शेवटी विचारा. आधी दोन गोष्टी तपासा. फाइल हलल्याचं इंडेक्सर नोंदवहीला कळवतो का? आणि फाइल गेल्यावर "हिच्या नोंदीही काढू का?" असं तुम्हाला विचारलं जातं का? दोन्ही सेवा डी-बसवरून बोलू शकतात, त्यामुळे साठे वेगळे ठेवूनही हे निरोप धाडता येतील. एक सेवा बंद असली, तर दुसरी अडून बसणार नाही.

तुमच्या यंत्रावर असं काही चालू असेल, तर एखादी फाइल उघडा, हलवा, पुसा आणि प्रत्येक वेळी तिचं नाव शोधून पाहा. दोन्हीकडून एकच उत्तर येतं का, त्यावरून जोडणी कितपत खरी आहे ते कळेल.