शिलालेखाचें संपादन आणि घटकांच्या खुणा

हत्तरसंग कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा लेख आमच्या सोलापूर जिल्ह्याचें भूषण आहे, परंतु मराठीच्या आद्य लेखाचा मान त्यास द्यावा कीं कोंकणांतील अक्षीच्या लेखास, हा प्रश्न अखेर वाचनावर येऊन ठेपतो. अक्षीचा शक डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांनीं ९३४ असा वाचला. तो सर्वांस मान्य झाला नाहीं. अशा स्थितींत दगडावरील अक्षर कोणतें व संपादकाचा तर्क कोणता, हें छापील पाठांत वेगळें दिसलेंच पाहिजे.

ग्रीक-लॅटिन लेखांसाठीं १९३१ सालीं लायडन येथें कंसांची पद्धति ठरली. तिच्या पुढचें पाऊल म्हणजे ‘एक्स्. एम्. एल्.’ (१९९८): प्रत्येक घटकाच्या आरंभीं व अंतीं त्याच्या नांवाची खूण. ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’च्या नियमांत पुरविलेल्या, अस्पष्ट व नष्ट अक्षरांस निरनिराळ्या खुणा आहेत, शिवाय निर्णय कोणाचा व खात्री किती, हेंही नोंदवितां येतें. कंसाला हें साधत नव्हतें.

परंतु घटक एकमेकांच्या पोटांत संपूर्ण मावले पाहिजेत, हा येथील कडक नियम. दगडावरची ओळ शब्दाच्या मध्येंच संपते. म्हणून ओळीस घटक न मानतां तिच्या आरंभीं केवळ रिकामी खूण घालतात. ही युक्ति संधीला लागू पडत नाहीं. ‘तथापि’ ह्यांतील ‘था’ पहिल्या शब्दाचा कीं दुसऱ्याचा? तेथें जुळलेलें व सोडविलेलें अशीं दोन्ही रूपें शेजारीं ठेवावीं. मूळ रूप कधींही पुसूं नये.

संपादनाची आज्ञावली त्या त्या जागीं चालणारेच घटक पुढें करते आणि चूक होतांच ती दाखविते. ह्यावर विसंबणारांस आमचें सांगणें असें कीं, ती रचना तपासते, वाचन नव्हे. चुकीचा शकही निर्दोष खुणांत बसतो. खुणा झाकून मजकूर छापील पानासारखा दाखविण्याची सोय तर अधिकच फसवी. तींत तर्क आणि अक्षर पुन्हां एकरूप दिसूं शकतात.

व्याकरणशुद्ध वाक्य असत्य असूं शकतें, हें संस्कृताच्या विद्यार्थ्यास नवें नाहीं. म्हणून खुणांकित पाठासोबत ठसा किंवा छायाचित्र छापावेंच. खूण ही संपादकाची साक्ष होय, पुरावा दगडच.