पिगीच्या चष्म्याचा नंबर

आम्ही तिघे कॉलेजपासूनचे मित्र. एक माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. एक मैत्रीण बँकेत आहे आणि वाचनात तिने आम्हा दोघांना केव्हाच मागे टाकले आहे. तिसरा मी. महिन्या-दोन महिन्यांतून भेटलो, की नुकत्याच पाहिलेल्या सिनेमावर, मालिकेवर, नाहीतर कुमारांसाठीच्या एखाद्या पुस्तकावर आमचे भांडण ठरलेले. बहुतेक भांडणे चहाबरोबर संपतात. या वेळचे संपले नाही.

निमित्त झाले विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीचे. ती 1954 साली प्रसिद्ध झाली. गोल्डिंगला पुढे 1983 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विमान कोसळून एका निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले पाहता पाहता कशी रानटी होतात, याची ही कथा. तिच्यातला पिगी हा जाडा, दम्याचा विकार असलेला, पण सर्वांत समंजस मुलगा. त्याचा चष्मा हिसकावून घेऊन मुले त्याच्या काचेने पहिली आग पेटवतात. पुढे मारामारीत एक काच फुटते, मग उरलेली काच पळवण्यासाठी रात्री हल्ला होतो आणि ती परत मागायला गेलेला पिगी जिवानिशी जातो. थोडक्यात, सगळी कादंबरी त्या चष्म्याभोवती फिरते.

आमच्या शिक्षक मित्राने हे पुस्तक नववीतल्या एका मुलीला वाचायला दिले होते. आठवड्याने ती पुस्तक आणि स्वतःचा चष्मा घेऊन आली. "सर, माझ्या चष्म्याने कागद पेटत नाही. मी दोन दिवस करून पाहिलं. उलट मधे सावलीच पडते."

तिचे बरोबर होते. पिगीला निकटदृष्टिता आहे, असे कादंबरीतच स्पष्ट म्हटले आहे. निकटदृष्टितेचा चष्मा म्हणजे उणे नंबराचा, अंतर्गोल भिंगाचा. तो सूर्यकिरण एकत्र आणत नाही, फाकवतो. आपणही करून पाहा. असा चष्मा उन्हात कागदापासून वीतभर अंतरावर धरला, तर काचेच्या सावलीचा मधला भाग भोवतालच्या उन्हापेक्षा अंधूक दिसतो आणि तिथून फाकलेला प्रकाश कडेला उजळ पट्ट्यासारखा जमतो. अशा काचेने आग पेटणे कदापि शक्य नाही.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी ही कादंबरी विसाव्या वर्षी वाचली. तेव्हा माझ्या नाकावर उणे चारचा चष्मा होता, भिंगांची सूत्रे तोंडपाठ होती आणि तरीही मला काहीही खटकले नाही. पिगीचा चष्मा फुटला तेव्हा मी इतका कासावीस झालो होतो, की तो चष्मा कोणत्या भिंगाचा, हा प्रश्न मनात आलाच नाही. आमच्या मैत्रिणीने नेमके हेच पकडले. ती म्हणाली, "मग झालं तर! पुस्तकाने तुझ्यावर काम केलं ना? तुम्ही विज्ञानवाले लोक जेवणाच्या ताटात खडे शोधत बसता."

खडे शोधण्याची ही परंपरा तशी जुनी आणि चांगली आहे. याकोव्ह पेरेलमान यांचे 'फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट' आमच्या पिढीतल्या अनेकांनी स्वस्तातल्या रशियन प्रतीत वाचले असेल. वेल्सचा अदृश्य माणूस आंधळाच असायला हवा, हे पेरेलमान यांनी त्यात दाखवून दिले आहे. कारण ज्या डोळ्यातून प्रकाश आरपार जातो, त्यात प्रतिमा उमटणार कशी? (याच न्यायाने 1987 सालच्या 'मिस्टर इंडिया'च्या नायकाला खलनायक दिसायला नकोत. लाल काचेतून तो इतरांना दिसतो ही आणखी वेगळी गंमत.) पण वेल्सला आपण माफ करतो. त्याने सुरुवातीलाच एक अशक्य गोष्ट मान्य करायला सांगितलेली असते. गोल्डिंग तशी सूट मागत नाही. त्याचे बेट खरे, डास खरे, मुलांची हगवणसुद्धा खरी. चष्मा तर वाचकाच्या घरात असतो. घरातली वस्तू कथेत गेली म्हणून तिने आपला धर्म सोडावा, हे मला पटत नाही.

शिवाय हा चष्मा म्हणजे विवेकाचे, विज्ञानाचे प्रतीक, असे सर्रास शिकवले जाते. विज्ञानाचे प्रतीकच विज्ञानाच्या परीक्षेत नापास! गोल्डिंगचे वडील विज्ञानाचे शिक्षक होते आणि तो स्वतः ऑक्सफर्डमध्ये दोन वर्षे निसर्गविज्ञान शिकून मग इंग्रजी साहित्याकडे वळला होता. हे कळल्यावर आमचा शिक्षक मित्र हळहळला. वडिलांनी एकदा हस्तलिखित वाचले असते तर, असे त्याला वाटले.

याच्या शेजारी ज्यूल व्हर्नची 'मिस्टीरियस आयलंड' ठेवून पाहा. व्हर्नला भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या घरात आणले, त्यामुळे तो आपल्याला परका नाही. इथेही निर्जन बेट आणि विझलेली आग आहे. खलाशी लाकडावर लाकूड घासून दमतो, पण ठिणगी पडत नाही. इंजिनिअर मात्र दोन खिशातल्या घड्याळांच्या काचा काढतो, त्यांच्यामध्ये पाणी भरतो, कडा चिकणमातीने बंद करतो आणि त्या भिंगाने सुके शेवाळ पेटवतो. हे चालेल का? हिशेब करू. काचेचा व्यास 4 सेंटिमीटर आणि फुगवटा 3 मिलिमीटर धरला, तर वक्रतात्रिज्या सुमारे 68 मिलिमीटर येते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्याने नाभीय अंतर त्रिज्येच्या दीडपट, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर. तिथे सूर्याची प्रतिमा जेमतेम 1 मिलिमीटरची पडते. 4 सेंटिमीटर रुंद भिंगावरचे ऊन 1 मिलिमीटरच्या ठिपक्यात आले, की तीव्रता दीड हजार पटींहून अधिक वाढते. शेवाळ पेटणारच. (हल्लीच्या मनगटी घड्याळाच्या सपाट काचा घेऊन बसू नका.)

मैत्रिणीचे म्हणणे, व्हर्नची आग पेटते, पण त्याची माणसे पेटत नाहीत. पाचही जण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सद्गुणी. हा आरोप मला मान्य करावा लागला. तिच्या मते बेटावरची सर्वांत खरी आग 'कास्ट अवे' या 2000 सालच्या सिनेमात आहे. टॉम हँक्स लाकडावर लाकूड घासतो, हात कापून घेतो, चिडतो, आणि फटीतून हवा मिळाल्याशिवाय काही पेटणार नाही हे त्याला अखेर अपघाताने उमगते. प्रयोग फसणे आणि फसण्याचे कारण सापडणे, दोन्ही तिथे आहेत. 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'सारख्या दूरदर्शन मालिकांत, जिथे सगळे खरेच घडते आहे असा आव असतो, तिथे हा वेळ कधी दिसत नाही. दोन मिनिटांत धूर आणि लगेच जाळ.

पण त्या मुलीचा खरा प्रश्न वेगळाच होता. तिने सरांना विचारले होते, "मग हे पुस्तक खोटं आहे का?" सरांनी उत्तर देण्याऐवजी आपली चाळिशी काढून तिच्या हातात दिली. अधिक दोन नंबर, नाभीय अंतर अर्धा मीटर, सूर्याची प्रतिमा साडेचार-पाच मिलिमीटर, तीव्रता नव्वद-एक पट. काळ्या कागदातून धूर निघाला. (हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाण्याची बादली जवळ ठेवून करावा. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये.) मग ती म्हणाली, "म्हणजे पिगीला अधिक नंबर द्यायचा. एक शब्द बदलला की झालं!"

मलाही प्रथम हे उत्तर फार आवडले. नंतर विचार केला तेव्हा अडचण लक्षात आली. दूरदृष्टिता असलेला बारा वर्षांचा मुलगा डोळ्याच्या भिंगाला ताण देऊन बराचसा दोष भरून काढतो. चष्म्याविना त्याचे डोके दुखेल, पुस्तक वाचता येणार नाही, पण समोरचा कडा आणि माणसे त्याला बऱ्यापैकी दिसतील. आंधळ्यासारखा चाचपडणारा पिगी आणि पेटणारा चष्मा, दोन्ही हवे असतील, तर लहानपणी मोतीबिंदू काढलेला मुलगा घ्यावा लागेल. त्याच्या डोळ्यात भिंगच नसते. त्या काळी अशा मुलाला अधिक दहा-बारा नंबराचा जाड बहिर्गोल चष्मा लागे. तो काढला की सगळे जग धूसर, आणि आगही पेटेल चटकन.

मैत्रीण म्हणाली, "मग तो पिगी राहत नाही. आजारी मुलगा होतो. त्याची दया येईल, पण वर्गातल्या जाड्या चष्मिष्ट मुलाला आपणही छळलं होतं, हे आठवणार नाही." यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही. शिक्षक मित्राने माझा मोतीबिंदूचा तोडगा त्या मुलीला सांगितला आहे. ती आता डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारणार आहे, की असा चष्मा पाहायला कुठे मिळेल.