वीस तीन कीं तेवीस?

२०१९ सालीं बालभारतीचें इयत्ता दुसरीचें गणिताचें नवें पुस्तक आलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उठला होता, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. ‘तेवीस’ या रूढ नांवाच्या जोडीला ‘वीस तीन’ असें वाचनहि त्या पुस्तकांत दिलें होतें. कोणीं त्याची थट्टा केली, तर कोणास त्यांत मराठीचा घात दिसला. गणित-समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं मुलांची अडचण समजावून सांगितली. पण गलबल्यांत ती फारशी ऐकली गेली नाहीं. नारळीकरबाई २०२३ सालीं निवर्तल्या, वादहि थंडावला. आतां त्या प्रश्नाचा शांतपणें विचार करण्यास हरकत नसावी.

अडचण खरी आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. ‘तेवीस’ म्हणतांना तीन आधीं उच्चारले जातात. लिहितांना मात्र आधीं दोनाचा अंक काढावा लागतो. कानांवर भरंवसा ठेवणारें मूल ३२ लिहितें, आणि आपण त्यास ‘लक्ष नाहीं’ म्हणून दटावतों. पुढें ‘एकोणतीस’ येतें. तेथें वीस आणि नऊ यांपैकीं कांहींच ऐकूं येत नाहीं. तिसांत एक उणा, असा वजाबाकीचा हिशेब त्या नांवांत दडलेला असतो. बरें, हा नियमहि एकोणनव्वदपर्यंत चालून नव्याण्णवाला मोडतो! कानडी-तेलगू मुलांस विसाच्या पुढें हा जाच नाहीं. त्यांच्या भाषांत दशक आधीं व एकक मागून येतें. जर्मन मुलांस मात्र आपल्याप्रमाणेंच एकक आधीं ऐकावें लागतें.

परंतु अडचण खरी असली म्हणजे उपायहि खरा असतोच असें नाहीं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावें, हें सूत्र अध्यापनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. प्रश्न इतकाच कीं, ज्ञात कोणाला? ‘वीस’ मुलास ठाऊक, ‘तीन’हि ठाऊक, म्हणून ‘वीस तीन’ ठाऊक, हा मोठ्या माणसांचा तर्क झाला. घरीं आजी ‘तेवीस’च म्हणते, भाजीवाली ‘तेवीस’च मागते. शाळेंतला शब्द घरांत कोणी ओळखीत नाहीं असें दिसलें, कीं गणित ही शाळेंतच ठेवून यावयाची वस्तु आहे, असें मूल मनाशीं ठरवितें. आमच्या मतें ‘वीस तीन’ हें संख्येचें स्पष्टीकरण म्हणून उत्तम आहे. नांव म्हणून तें परकें आहे. पुस्तकानें दोन्ही रूपें दिलीं हें योग्यच झालें. पण एका रूपाकडून दुसऱ्याकडे मुलाला नेण्याचें काम छापील पान करूं शकत नाहीं. तें शिक्षकानें व आईबापांनींच करावयाचें असतें.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं, याचा अनुभव आम्हीं घरींच घेतला. पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीस २३ मधून ७ वजा करतांना ‘हातचा’ कोठून येतो तें कळेना. आम्हीं मोठ्या ऐटीनें दहाच्या दोन नोटा व रुपयाचीं तीन नाणीं तिच्यापुढें मांडलीं. पैसा तिच्या ओळखीचाच, असा आमचा समज. तिनें सर्व मोजून ‘पांच’ असें उत्तर दिलें! तिच्या लेखीं नोट ही एक वस्तु आणि नाणेंहि एकच वस्तु. नोटेच्या पोटांतले दहा रुपये डोळ्यांस दिसत नाहींत, ही साधी गोष्ट आमच्या पदवीस सुचली नव्हती. मग चिंचोके आणले. दहादहांच्या दोन पुरचुंड्या बांधल्या, तीन सुटे ठेवले. सात द्यावयास तीन पुरेनात, तेव्हां तिनेंच एक पुरचुंडी सोडली, तेरांतून सात काढले, आणि म्हणाली, ‘हे तर दहाचे सुट्टे केले, वाण्याकडे करतात तसे.’ ‘हातचा’ तिला त्या क्षणीं कळला. नोटेचा उपयोग झाला तो त्यानंतर, आधीं नव्हे.

अपूर्णांकांचीहि तीच कथा. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत; त्या घोकंपट्टीचा आम्हांस मोह नाहीं. पण त्यांतील शब्द अजून जिवंत आहेत. पाव किलो साखर, दीड वाजतां येणारी बस, अडीच कप पाणी, हें मुलाच्या रोजच्या ऐकण्यांतलें आहे. असें असतां १/४ चें पहिलें दर्शन फळ्यावरील रंगविलेल्या वर्तुळांतच कां व्हावें? आपण ज्यास ‘पाव’ म्हणतों त्याचेंच हें चिन्ह, एवढें सांगितलें तरी अर्धी भीति जाते.

महाविद्यालयांत आमच्यापुढें पुष्कळ तरुण असे येतात, कीं ज्यांस सूत्रें पाठ असतात, पण आलेलें उत्तर संभवनीय आहे कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. त्यांचें गणित आणि त्यांचें जग यांची फारकत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेंतच झालेली असते. २०१९ च्या वादांत आपण भाषेच्या अब्रूची पुष्कळ चिंता केली. ३२ लिहिणाऱ्या मुलाला काय ऐकूं आलें होतें, हें मात्र फारच थोड्यांनीं विचारलें. पुस्तक बदलो वा न बदलो, तेवढें विचारण्यास कोणाच्याहि परवानगीची गरज नाहीं.