'तू' या संबोधनाचे ओझे : ग्वांगजूची स्मृती आणि हान कांग यांची कादंबरी

दक्षिण कोरियातील ग्वांगजू शहरात मे १९८० मध्ये लष्कराने विद्यार्थ्यांवर व नागरिकांवर शस्त्र चालविले. या घटनेविषयीचे लेखन आज विपुल आहे. साक्षी, चौकशीचे अहवाल, न्यायालयीन कागदपत्रे, छायाचित्रे, चित्रपट असे त्याचे अनेक प्रकार आहेत; २०११ साली युनेस्कोने या दस्तऐवजांची नोंद आपल्या 'जागतिक स्मृती' सूचीतही केली. एवढी साधने उपलब्ध असताना कादंबरीने आणखी काय करावयाचे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. हान कांग यांची 'सोन्यॉनी ओन्दा' (२०१४) ही कादंबरी या प्रश्नाला जे उत्तर देते, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. डेबोरा स्मिथ यांच्या अनुवादातून ती 'ह्यूमन ॲक्ट्स' या नावाने इंग्रजीत आली आणि २०२४ च्या नोबेल पारितोषिकानंतर आपल्याकडील वाचकांपर्यंतही पोचली. मृतांविषयी बोलणे आणि मृतांशी बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही कादंबरी दुसरी गोष्ट करते, आणि तिचे सारे सामर्थ्य व तिची एक महत्त्वाची उणीव याच निवडीतून निर्माण होते, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. ऑक्टोबर १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्करांतर्गत बंड करून सत्तेची सूत्रे हाती घेण्यास प्रारंभ केला. १७ मे १९८० रोजी लष्करी कायदा सर्व देशभर लागू झाला. विद्यापीठे बंद करण्यात आली आणि किम दे-जुंग यांच्यासह विरोधी नेत्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जमलेल्या विद्यार्थ्यांवर छत्रीधारी सैनिक दंडुके घेऊन तुटून पडले. पुढे बंदुकांच्या संगिनीही चालल्या. जे पाहिले ते सहन न होऊन शहरच रस्त्यावर आले. २१ मे रोजी प्रांतिक सचिवालयासमोरील जमावावर गोळीबार झाला. त्यानंतर लष्कर शहराबाहेर गेले आणि काही दिवस नागरिकांनी आपले शहर स्वतः सांभाळले. २७ मेच्या पहाटे लष्कर परत आले आणि सचिवालयात थांबलेल्यांचा प्रतिकार मोडून काढण्यात आला. मृत म्हणून पुढे मान्य झालेल्या नागरिकांची संख्या दीडशेहून अधिक आहे. बेपत्ता झालेले वेगळे. या घटनेस आपण सवयीने 'विद्यार्थी आंदोलन' म्हणतो. तिचा प्रारंभ विद्यार्थ्यांनी केला हे खरे. पण मरणाऱ्यांत कामगार होते, वाहनचालक होते, शाळकरी मुलेही होती.

हान कांग यांचा जन्म १९७० साली ग्वांगजू येथेच झाला. या घटनेपूर्वी चार महिने, जानेवारी १९८० मध्ये, त्यांचे कुटुंब सेऊलला गेले. वयाच्या बाराव्या वर्षी घरात सापडलेला, गुप्तपणे वाटला जाणारा छायाचित्रांचा एक संग्रह त्यांनी पाहिला. केवळ योगायोगाने वाचल्याची ही जाणीव कादंबरीच्या मुळाशी आहे. तिचा केंद्रबिंदू दोंग-हो हा शाळकरी मुलगा. हरवलेल्या मित्राला शोधण्यासाठी तो मृतदेह ठेवलेल्या व्यायामशाळेत जातो आणि तेथेच राहून प्रेतांच्या नोंदी ठेवू लागतो. वय, कपडे, पादत्राणे, शवाला दिलेला क्रमांक, असे ते लेखनिकाचे काम आहे. सहा प्रकरणे व उपसंहार यांतून कादंबरी १९८० पासून २०१३ पर्यंत येते. प्रत्येक प्रकरणात वेगळी व्यक्ती बोलते, आणि जवळजवळ प्रत्येक जण कोणाला तरी उद्देशून बोलतो.

पहिले प्रकरण दोंग-होला 'तू' म्हणून संबोधत वर्तमानकाळात चालते. दुसऱ्यात त्याचा मृत मित्र जोंग-दे बोलतो. एकावर एक आडवे-उभे रचलेल्या प्रेतांच्या राशीतील आपल्या देहापाशी घुटमळणारा त्याचा आत्मा दोंग-होला हाक मारीत राहतो. चौथ्यात एक माजी कैदी संशोधकाशी बोलतो. पाचव्यात सोन-जू या पूर्वीच्या गिरणी कामगार स्त्रीला पुन्हा द्वितीय पुरुषात संबोधले जाते. सहाव्यात तीस वर्षांनंतर आई मुलाशी बोलते. इंग्रजीत या सर्व संबोधनांसाठी एकच शब्द आहे. मूळ कोरियनमध्ये मात्र दोंग-होसाठी येणारे संबोधन जवळिकीचे, वडीलधाऱ्याने लहानाला किंवा मित्राने मित्राला म्हणावे असे आहे. सोन-जूसाठी येणारे संबोधन अंतर राखणारे आहे. हा भेद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांमध्ये केवढे अंतर असते, हे आपल्या भाषेनेच आपल्याला शिकविले आहे. म्हणूनच इंग्रजीमार्गे ही कादंबरी वाचताना आपण आपल्याच भाषेची एक सोय गमावून बसतो. आईचे प्रकरण मूळात जोल्ला प्रांताच्या बोलीत आहे. उद्या कोणी ते ग्रांथिक मराठीत आणले, तर प्रकरण उरेल. पण ती आई उरणार नाही.

शीर्षकाचेही असेच झाले आहे. मूळ शीर्षकाचा सरळ अर्थ 'मुलगा येतो आहे' असा होतो. त्यातील क्रियापद वर्तमानकाळी आहे, ही गोष्ट हान कांग यांनी ७ डिसेंबर २०२४ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात आवर्जून सांगितली. 'तू' म्हणून हाक मारताच तो मुलगा जागा होतो आणि वर्तमानाच्या दिशेने चालू लागतो, अशा आशयाचे ते विवेचन आहे. इंग्रजी शीर्षकात ना मुलगा आहे, ना येणे. तेथे 'मानवी कृत्ये' असे एक सामान्यनाम आले आणि त्याबरोबर वाचनाची दिशाही बदलली. पाश्चात्त्य समीक्षेत ही कादंबरी पुष्कळदा मानवी क्रौर्याचे चिंतन म्हणून वाचली जाते. कादंबरीत त्याला आधार नाही असे नाही. कैद्याच्या निवेदनात नानकिंग, जेजू, बोस्निया यांचे उल्लेख येतात. तथापि 'माणूस असाच असतो' या निष्कर्षापाशी पोचले की विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसाने दिलेला विशिष्ट आदेश धूसर होतो. हा निष्कर्ष सत्ताधाऱ्यास गैरसोयीचा नसतो.

कादंबरी स्वतः तेथे थांबत नाही, हे पहिल्याच प्रकरणातील एका प्रसंगावरून स्पष्ट होते. शवपेट्यांवर राष्ट्रध्वज पसरले जातात, राष्ट्रगीत म्हटले जाते, आणि दोंग-होला प्रश्न पडतो की ज्या राष्ट्राच्या सैन्याने यांना मारले त्याच राष्ट्राचा ध्वज यांच्यावर का? उन-सुक ही मोठी मुलगी त्याला समजावते की सैनिकांनी सत्तेसाठी बंड केले आहे. त्यांना राष्ट्र कसे म्हणता येईल? हा संवाद अगदी लहान आहे, परंतु राज्यशास्त्राच्या वर्गात एक संपूर्ण तासिका त्यावर घेता येईल. मुलीचे उत्तर योग्य आहे आणि मुलाचे त्याने समाधान होत नाही. लेखिका दोन्ही गोष्टी तशाच राहू देते.

याच उन-सुकचे १९८५ सालचे प्रकरण मला कलादृष्ट्या सर्वांत सरस वाटते. ती आता एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचे काम करते. हव्या असलेल्या एका अनुवादकाचा ठावठिकाणा विचारताना पोलीस तिच्या गालावर सात चपराका मारतो. रोज एक याप्रमाणे सात दिवसांत त्या विसरावयाच्या, असे ती ठरविते. सेन्सॉरकडून परत आलेल्या नाट्यसंहितेवर काळी शाई फिरविलेली असते. तरीही प्रयोग होतो. नट केवळ ओठ हलवतात, शब्द उच्चारीत नाहीत. संहिता ठाऊक असलेली उन-सुक प्रेक्षागृहात बसून ते ओठ वाचते. सेन्सॉरशिपवरील टीका म्हणून हा प्रसंग प्रभावी आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, शब्द काढून घेतले तरी संबोधन काढून घेता आले नाही, हे येथे दृश्य रूपात दिसते. पुढे हान कांग यांचेही नाव शासनाच्या सांस्कृतिक काळ्या यादीत असल्याचे उघड झाले, ही गोष्ट या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावी.

आपणा अध्यापकांना अस्वस्थ करणारी प्रकरणे मात्र चौथे व पाचवे आहेत. चौथ्यात संशोधक माजी कैद्याकडे येतो. कैद्याबरोबर तुरुंगात असलेल्या जिन-सू नावाच्या तरुणाने पुढे आत्महत्या केली. तिची मानसशास्त्रीय कारणमीमांसा संशोधकाला करावयाची आहे. कैदी बोलतो, पुष्कळ बोलतो, आणि शेवटी प्रश्नाची दिशाच उलटवतो. तुम्हीही माणूसच आहात, तर तुमच्याजवळ माझ्यासाठी काय उत्तर आहे, असा त्याचा रोख आहे. संशोधकाचा एकही शब्द कादंबरीत येत नाही. पाचव्या प्रकरणात सोन-जूकडे ध्वनिमुद्रणयंत्र व कोऱ्या ध्वनिफिती येतात. आपल्यावर झालेल्या लैंगिक छळाची साक्ष तिने एकांतात मुद्रित करून द्यावी, अशी विनंती असते. हेतू चांगला आहे, पद्धतही शिष्टसंमत आहे. परंतु ते आठवणे म्हणजे ते पुन्हा भोगणे आहे, आणि यंत्रासमोर ते शब्दांत मांडणे तिला अशक्य आहे. आपल्या विद्याशाखांत मुलाखती, प्रश्नावल्या, केस स्टडी यांवर प्रबंध उभे राहतात. उत्तर देणाऱ्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न प्रकल्पाच्या आराखड्यात कोणत्या रकान्यात लिहावयाचा? मौन ही माहितीतील त्रुटी नसून ते एक उत्तर असू शकते, हे सोन-जूच्या प्रकरणातून जितके कळते तितके पद्धतिशास्त्राच्या ग्रंथांतून क्वचितच कळते.

'हुतात्मा' या शब्दाचाही येथे विचार करावा लागतो. आपल्या सार्वजनिक स्मृतीतला हा मोठा शब्द आहे. मुंबईचा एक चौकच त्या नावाने ओळखला जातो. ग्वांगजूच्या मृतांनाही असेच गौरवाचे शब्द मिळाले. १९९७ पासून १८ मे हा तेथे राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. कादंबरी या गौरवाला विरोध करीत नाही, पण त्याचा आश्रयही घेत नाही. आईला हुतात्मा नको आहे. संध्याकाळी जेवायला येतो म्हणालेला तिचा धाकटा मुलगा तिला हवा आहे. त्याने लहानपणी तिचा हात धरून तिला उन्हाकडे, फुले फुलली होती त्या बाजूला ओढल्याची आठवण ती सांगते आणि प्रकरण संपते.

स्मृतीचा हा झगडा वाङ्मयापुरता मर्यादित नाही. चुन दू-ह्वान यांना १९९६ साली फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेत बदलली गेली आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना माफीही मिळाली. २०१७ च्या आत्मचरित्रात त्यांनी हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाल्याची साक्ष देणाऱ्या एका दिवंगत धर्मगुरूंची निंदा केली. त्याबद्दल २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. शहरातील जोनिल इमारतीवर गोळ्यांच्या २४५ खुणा तज्ज्ञांनी नोंदविल्या होत्या. २०२१ साली चुन मरण पावले, ते क्षमा न मागताच. घटनेमागे उत्तर कोरियाचे हस्तक होते, असा निराधार प्रचारही दीर्घकाळ होत राहिला. त्यावर उपाय म्हणून १८ मेविषयी असत्य पसरविणे हा दंडनीय अपराध ठरविणारी दुरुस्ती कायद्यात करण्यात आली. अपप्रचाराने होणारी इजा खरी आहे, हे मान्य करूनही या उपायाविषयी मला शंका वाटते. उन-सुकच्या संहितेवरून शाई फिरविणाऱ्या हातालाही सत्य कोणते ते ठरविण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला होता.

आता कादंबरीच्या उणिवेकडे वळू. ती सर्वांना हाक मारते, परंतु सैनिकाला नाही. एकही प्रकरण त्याला उद्देशून नाही. काही सैनिक विशेष क्रूर होते तसे काही विशेष निष्क्रियही होते. कोणी जखमीला पाठीवर वाहून रुग्णालयाच्या दाराशी ठेवले, कोणी नेम चुकवून गोळ्या झाडल्या, असे उल्लेख येतात आणि लगेच मागे पडतात. मृतांच्या बाजूने उभी असलेली कादंबरी मारणाऱ्याच्या मनात शिरण्याचे सौजन्य दाखवीत नाही, याचे नैतिक कारण मला समजते. तरीही गोळी चालविणारा विशीतला सैनिक आणि समोरचा विद्यार्थी हे कित्येकदा एकाच पिढीचे असतात. त्या सैनिकाला चेहरा न मिळाल्याने आदेश आणि कृती यांमधील जागा अंधारातच राहते.

ही उणीव ३ डिसेंबर २०२४ नंतर अधिक ठळकपणे जाणवते. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. १९८० च्या त्या पर्वानंतर दक्षिण कोरियात असे प्रथमच घडत होते. सशस्त्र सैनिक सेऊलमधील संसदभवनात शिरले, नागरिक बाहेर जमले, आणि काही तासांतच उपस्थित १९० सदस्यांनी एकमताने तो कायदा उठविण्याचा ठराव केला. पहाटे माघार घेण्यात आली. ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने युन यांना पदावरून दूर केले. हे एका कादंबरीमुळे घडले असे कोणीही म्हणू नये. त्यामागे संसदेची नियमावली होती, थेट प्रक्षेपण होते, आणि ग्वांगजू ठाऊक असलेली माणसे होती. नोबेल व्याख्यानात हान कांग यांनी आपला जुना प्रश्न उलटा करून मांडला होता: वर्तमान भूतकाळाला साहाय्य करू शकते काय, याऐवजी भूतकाळ वर्तमानाला साहाय्य करू शकतो काय? व्याख्यानाच्या आदल्या दिवशी स्टॉकहोमच्या पत्रकार परिषदेत त्यांना सेऊलमधील त्या रात्रीविषयी विचारण्यात आले. चिलखती गाड्या उघड्या हातांनी अडविणाऱ्या लोकांविषयी त्या बोलल्या. त्यानंतर त्यांनी तरुण पोलिसांचा व सैनिकांचा उल्लेख केला. अनपेक्षित प्रसंगी काय करावे याचा ते मनाशी निर्णय करीत असावेत, आतून झगडत असावेत, असे त्यांना जाणवले होते. कादंबरीने जे प्रकरण लिहिले नाही, ते त्यांच्या या चार-दोन वाक्यांत प्रथमच सुरू झाल्यासारखे वाटते.